डोंगरावरचा वणवा आणि फोम: मिश्रण, साधने आणि घ्यावयाची काळजी

पारसिकवाला (धागाकर्ता)

नमस्कार.

फेब्रुवारी सरत आला की ठाणे-नवी मुंबईतील येऊर, पारसिक, गवळीदेव आणि खारघरच्या टेकड्यांवरचे गवत वाळून कडकडीत होते आणि रात्री कोणत्या ना कोणत्या उतारावर आगीची रेघ सरकताना आपल्या गच्चीवरून दिसते. वणवा विझवायला जाणाऱ्या मंडळींकडून यंदा एक प्रश्न वारंवार येत आहे: डोंगरावर पाणी पुरत नाही, तर फोम वापरावा का, आणि वापरायचा तर कोणता व किती? मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रसायन कारखान्याच्या अग्निसुरक्षा विभागात बावीस वर्षे काम केले आहे आणि निवृत्तीनंतर वनखात्याच्या परवानगीने वणवा विझवणाऱ्या एका गटाबरोबर जातो, म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहे.

आधी फोम काय करतो ते पाहू. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापताना साधारण २९० किलोज्यूल उष्णता घेते. तेच पाणी उकळून वाफ होताना त्याच्या जवळपास पावणेआठ पट, म्हणजे सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता ओढून घेते. याचा अर्थ असा की जे पाणी गवताच्या काडीवरून किंवा सालीवरून ओघळून जमिनीत गेले, त्याच्या ताकदीचा मोठा भाग वाया गेला. साध्या पाण्याचा पृष्ठताण जास्त असल्यामुळे ते थेंब धरते आणि ओघळते. वणव्यासाठीच्या फोममधील द्रव्ये हा पृष्ठताण निम्म्याहून खाली आणतात, त्यामुळे पाणी पसरते, पाचोळ्यात आणि कुजक्या लाकडात मुरते, आणि त्यात हवा मिसळून फेस झाला तर ते उतारावरही काही काळ चिकटून राहते. फोम म्हणजे पाण्याला पर्याय नव्हे. खांद्यावरून वर नेलेले वीस लिटर पाणी वाफ होईपर्यंत आगीजवळ थांबवण्याचे ते साधन आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा भेद. घन इंधनासाठी, म्हणजे गवत, लाकूड, पाचोळा यांसाठीचा फोम वेगळा असतो आणि त्याला क्लास ए म्हणतात. तो पाण्यात ०.१ ते १ टक्का एवढाच मिसळायचा असतो. पेट्रोल, सॉल्व्हंट अशा पेटत्या द्रवांवर चादर अंथरणारा क्लास बी फोम १, ३ किंवा ६ टक्के प्रमाणात लागतो. आपल्या पट्ट्यातील कारखान्यांच्या भांडारात जे फोम कंपाउंडचे (पाण्यात मिसळायच्या मूळ दाट द्रवाचे) ड्रम दिसतात ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारातले असतात, आणि त्यांतील एएफएफएफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात फ्लोरिनयुक्त द्रव्ये असतात, जी निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. अशा चिवट रसायनांवर बंधने घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत यांतील पीएफओएस २००९ साली आणि पीएफओए २०१९ साली घातले गेले ते याच कारणाने.

हे मी एवढे ठासून लिहितो, कारण चूक माझ्या हातून झालेली आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याने मुदत संपलेले दोन ड्रम काढून टाकायला ठेवले होते. "डोंगरावर न्या, कामाला येईल," असे कुणीतरी म्हटले आणि मी होकार दिला. फेस भरपूर झाला, गवताची आग दबली, सगळे खूश होते. तिसऱ्या दिवशी त्याच उताराखालच्या ओढ्याकडे गेलो, तेव्हा डोहाच्या कडेला पिवळट फेसाची साय साचली होती आणि त्यात बोटाएवढे मासे उलटे तरंगत होते. ते कशाने मेले याची तपासणी कुणी केली नाही, मीही केली नाही, आणि तोच सल मला आहे. त्यानंतर मी डब्यावरचे लेबल पूर्ण वाचल्याशिवाय झाकण उघडत नाही: "क्लास ए" लिहिलेले हवे आणि प्रमाण १ टक्का किंवा त्याखालचे हवे. ३ किंवा ६ टक्के दिसले की तो डबा डोंगरासाठी नाही.

मिसळण्याच्या साधनांविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

सव्वाइंची

पारसिकवाले, धागा काढलात हे फार बरे केलेत. मी अग्निशमन दलातून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो आहे, म्हणून पाण्यात कंपाउंड मिसळणाऱ्या इंडक्टरविषयी लिहितो, कारण डोंगरावर लोक तिथेच फसतात.

इन-लाइन इंडक्टर म्हणजे होजच्या (बंबाच्या लवचिक नळीच्या) मध्ये बसवायचा, आतून अरुंद होत जाणारा नळकांडा. पाणी त्या अरुंद भागातून वेगाने गेले की तिथला दाब कमी होतो आणि डब्यात सोडलेल्या नळीतून कंपाउंड आपोआप ओढले जाते. वीज नाही, हलणारा भाग नाही, म्हणून तो दलात लोकप्रिय आहे. मात्र तो आत येणाऱ्या दाबाचा साधारण तिसरा हिस्सा खातो, आणि पुढचा दाब मर्यादेपेक्षा वाढला की ओढणेच बंद करतो. आता हिशोब मांडा. पंपावर ७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब ठेवला, तर इंडक्टरच्या पुढे जेमतेम साडेचार किलो उरतात. दर दहा मीटर चढाला एक किलो जातो. तीस मीटर वर ब्रांच (होजच्या टोकाचे, धार मारायचे तोंड) असेल तर तीन किलो तिथेच संपले. उरलेल्या दीड किलोत होजचे घर्षणही भागवायचे आणि ब्रांचलाही दाब द्यायचा, हे होत नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाला नळी डब्यात दिसते, त्याला वाटते फोम चालला आहे, आणि वर नुसते पाणी येत असते. म्हणून चढावर इंडक्टर वापरायचाच असेल तर तो वर, ब्रांचच्या जवळ न्यावा. तसे जमत नसेल तर तो नाद सोडावा.

दुसरी अडचण प्रमाणाची आहे. आपल्याकडचे इंडक्टर आणि एफबी-५एक्ससारख्या फोम ब्रांच क्लास बीच्या हिशोबाने बनवलेल्या असतात. एफबी-५एक्स मिनिटाला दोनशे लिटरहून अधिक पाणी मागते. तेवढे पाणी डोंगरावर कुठून आणणार? शिवाय ३ टक्क्यांवर बसवलेल्या इंडक्टरमधून क्लास ए ओढला तर गरजेच्या दहापट कंपाउंड जाते. ४,५०० लिटरच्या बंबाला ०.३ टक्क्याने साडेतेरा लिटर पुरते, तिथे ३ टक्क्याने १३५ लिटर लागेल.

टाकीतच कंपाउंड ओतून मिश्रण करणे सर्वांत सोपे आहे, पण त्याचेही नियम आहेत. आधी पाणी पूर्ण भरावे आणि कंपाउंड शेवटी ओतावे. उलटे केले की टाकी अर्धी भरायच्या आत फेस मॅनहोलमधून बाहेर येतो. फेसामुळे पातळीची काच खोटे दाखवते आणि पंपात हवा शिरून तो पाणी ओढायचे थांबतो. एकदा माझ्या समोर ऐन आगीत पंप असा थांबला आणि ब्रांचवरचा मुलगा दोन मिनिटे रिकामी ब्रांच धरून ज्वाळेसमोर उभा होता. ती दोन मिनिटे मी विसरलेलो नाही. हे कंपाउंड साबणासारखे असल्यामुळे व्हॉल्व्हचे वंगणही धुऊन काढते. काम संपले की टाकी, पंप आणि होज साध्या पाण्याने फेस येणे थांबेपर्यंत धुवावे लागतात, आणि मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी शिल्लक ठेवू नये, कारण त्याचा जोर कमी होत जातो.

परदेशात पंपाच्या पुढच्या बाजूला प्रवाह मोजून तेवढेच कंपाउंड टोचणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. ती ०.१ टक्क्यापर्यंत बिनचूक प्रमाण देते आणि टाकीतले पाणी स्वच्छ राहते. परवडत असेल तर तीच सर्वोत्तम आहे.

खारघर_पायवाट

सव्वाइंची काका, हिशोब डोळे उघडणारा आहे. आमच्याकडे ना बंब वर जातो ना होज. आम्ही बारा-पंधरा जण असतो आणि हातात झाडाच्या ओल्या फांद्या, दोन ब्लोअर आणि शेतकऱ्यांचे १६ लिटरचे फवारणी पंप असतात. अशा पंपात क्लास ए फोम घालता येईल का? आणि तो मिळाला नाही तर भांडी घासण्याचे लिक्विड घातले तर काय बिघडते? पृष्ठताण तर तेही कमी करते.

पारसिकवाला

फवारणी पंपात चालतो, आणि माझ्या मते आपल्या टेकड्यांवर फोमची खरी जागा हीच आहे. १६ लिटरला ०.३ टक्क्याने ४८ मिलिलिटर लागतात, वीस लिटरच्या पाठीवरच्या वणवा-पंपाला ६०. औषधाच्या दुकानात मिळणारा मापाचा प्लास्टिकचा पेला किंवा मोठी सिरिंज न्यावी. "एक झाकण" या मापाने जाऊ नये, कारण झाकणे सारखी नसतात. पाणी भरून झाल्यावर कंपाउंड ओतावे, झाकण घट्ट लावून पंप दोन-तीनदा हळूच कलता करावा, खळखळून हलवू नये. कीटकनाशकासाठी वापरलेला पंप मात्र अजिबात घेऊ नये. तो कितीही धुतला तरी तुम्ही त्याचा फवारा उष्णतेत उडवणार आहात आणि त्याच हवेत श्वास घेणार आहात. फवारणीचा बारीक नोझल धुक्यासारखे थेंब देतो, ते ज्वाळेपर्यंत पोचत नाहीत. सरळ धार देणारा नोझल बसवावा.

भांड्यांच्या लिक्विडविषयी: पृष्ठताण कमी होतो हे खरे आहे. टेक्सासच्या वनसेवेने १९७० च्या दशकात फोमचे प्रयोग सुरू केले तेव्हा कागद कारखान्यातून निघणारा पाइनचा साबणच वापरला होता. परंतु वणव्याच्या फोमची जी चाचणी होते ती केवळ फेसाची नसते. अमेरिकेची वनसेवा आपल्या यादीत नाव घालण्यापूर्वी धातूंचे गंजणे, माशांवर आणि सस्तन प्राण्यांवर होणारा परिणाम, विघटन आणि साठवणुकीतील टिकाऊपणा हे सर्व तपासते. भांड्यांच्या लिक्विडमध्ये सुगंध, रंग आणि मीठ असते, आणि त्याच्याबद्दल यातले काहीच आपल्या हाती नसते. मी ते नेत नाही आणि आमच्या गटात कुणाला नेऊ देत नाही.

आणखी एक गोष्ट. चित्रफितींमध्ये विमानातून पडणारी लाल पूड किंवा लाल पाणी दिसते तो फोम नाही. ती अमोनियम फॉस्फेटसारख्या क्षारांची दीर्घकाळ टिकणारी द्रव्ये असतात, जी पाणी उडून गेल्यावरही इंधनाला पेटू देत नाहीत. आपला फोम पाणी असेपर्यंतच काम करतो.

पांढराकुडा

मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि येऊरमध्ये बरीच वर्षे नोंदी ठेवत आले आहे. धागाकर्त्यांनी आपली चूक मोकळेपणाने लिहिली याबद्दल मनापासून आभार, कारण पाण्याच्या बाजूने बोलणारे अशा चर्चेत कुणी नसते.

क्लास ए फोम फ्लोरिनमुक्त असला तरी पाण्यातल्या जिवांना तो निरुपद्रवी नाही. पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करतात, आणि विशेषतः न मिसळलेले कंपाउंड थेट ओढ्यात सांडले तर फार नुकसान होते. अमेरिकेत विमानातून फोम टाकताना पाण्यापासून ३०० फूट, म्हणजे सुमारे ९० मीटर अंतर सोडण्याचा दंडक आहे. आपल्याकडे मार्च ते मे या काळात ओढा वाहत नसतो. त्याचे चार-दोन डोह उरलेले असतात आणि त्यात बेडूक, खेकडे, मासे दाटीने जगत असतात. वाहत्या नदीत जे पातळ होऊन जाईल ते डोहात तसेच राहते. येऊरच्या माथ्यापलीकडे तुळशी आणि विहार ही मुंबईला पिण्याचे पाणी देणारी तळी आहेत, आणि आपल्या बाजूचे नाले अखेर ठाणे खाडीला मिळतात. खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. म्हणून माझी विनंती अशी की ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा फोमसाठी वर्ज्य मानावा आणि तिथे फांद्या, ब्लोअर आणि साधे पाणी यांवरच भागवावे.

फोमचा पंप डोहात बुडवून भरू नये, हेही प्रत्येकाला बजावून सांगावे. वेगळ्या स्वच्छ बादलीने पाणी काढावे आणि काठापासून दूर नेऊन मग मिसळावे.

पाड्यावरची

मी येऊरच्या एका पाड्यात राहते. आमच्याकडे वणवा आला की आधी बाया-पुरुष फांद्या घेऊन झोडपायला धावतात, तुमचे गट नंतर पोचतात. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

उन्हाळ्यात पाड्यावर पिण्याचे पाणी टँकरने येते. मागे एका गटाने "टँकर उभाच आहे, त्यातच फोम घालू" असे ठरवले होते. आमच्या आजीने टँकरच्या तोंडावर हात ठेवून त्यांना अडवले. पिण्याच्या पाण्याच्या टँकरमध्ये, पिंपात किंवा हंड्यात हे औषध कधीही घालू नका. तुमची मोजायची भांडीही आमच्या भांड्यांत मिसळू देऊ नका.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सकाळी मतलई वारा असतो तोवर आग एका बाजूला जाते, दुपारी बारा-एकच्या सुमारास खारा वारा सुटला की ती वळून चढाला लागते. शहरातली मुले फेस मारून पांढरी रेघ करतात आणि तिच्यावर विसंबून जेवायला बसतात. तासाभरात उन्हाने ती रेघ सुकते आणि आग तिला ओलांडून जाते. आमची जाळरेषा डिसेंबरमध्ये गवत काढून केलेली असते, ती उन्हाने सुकून नाहीशी होत नाही.

सव्वाइंची

ताई, आपण सांगितलेली वाऱ्याची गोष्ट अक्षरशः खरी आहे. फोमच्या ओल्या रेषेचा उपयोग ती ओली असेपर्यंतच असतो आणि भर उन्हात, वाऱ्यात तो अवधी कित्येकदा अर्ध्या तासाहूनही कमी असतो. रेषा मारली की आग तिथे पोचेपर्यंत माणसे तिच्यावर हजर असली पाहिजेत, आणि फेस बसताना दिसला की पुन्हा मारला पाहिजे. रेषेवरून उलट आग, म्हणजे वणव्याच्या वाटेतले गवत आधीच जाळण्यासाठी मुद्दाम आग, लावण्याचा निर्णय मात्र वनखात्याचाच असतो. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, आणि हेतू चांगला होता म्हणून तिथे सूट मिळत नाही.

खारघर_पायवाट

मग फोम नेमका कुठे लावायचा? पळत्या आगीवर, पुढच्या रेषेवर, की मागे धुमसणाऱ्या जागी?

पारसिकवाला

गवताच्या पळत्या आगीवर फेस करत बसायची गरज नसते. तिथे पातळ मिश्रणाची सरळ धार ज्वाळेच्या बुडाशी, जळालेल्या बाजूने उभे राहून आणि कडेकडेने सरकत मारावी. फांद्या आणि ब्लोअर घेतलेले लोक त्यामागे असावेत. झोपडी, गोठा किंवा गवताची गंजी वाचवायची असेल तर दाट फेस उपयोगी, कारण तो उभ्या भिंतीलाही चिकटतो. पण त्यासाठी हवा मिसळणारा नोझल किंवा दाबाच्या हवेची यंत्रणा लागते. दाबाच्या हवेच्या यंत्रणेत होज हलकी राहते आणि पाणी फार कमी लागते. मात्र कंपाउंड मध्येच संपले तर होजमध्ये हवेचे आणि पाण्याचे वेगवेगळे गोळे होऊन ती हिसके देते, म्हणून ती शिकलेल्या माणसाच्याच हाती असावी.

फोमचे सगळ्यांत मोलाचे काम मात्र ज्वाळा विझल्यानंतर असते. मागच्या मोसमात एका ऐनाच्या वाळक्या बुंध्यातून दुसऱ्या दिवशीही धूर येत होता. आदल्या रात्री त्यावर तीन पंप साधे पाणी ओतले होते आणि ते राखेच्या थरावरून पाऱ्यासारखे घरंगळून गेले होते. आम्ही कोयत्याने साल उघडली. आत मुठीएवढी पोकळी होती आणि तिच्या भिंती वारा लागला की नारिंगी होत होत्या. अर्धा टक्का मिश्रणाची बारीक धार त्या पोकळीत सोडली, काठीने ढवळले, पुन्हा सोडली. आधी चर्र आवाज आणि पांढरी वाफ आली, मग फेस आत शोषला जाऊ लागला, आणि सहा-सात लिटरनंतर तो पोकळीच्या तोंडाशी तसाच उभा राहिला. तासाभराने हातमोजा काढून हाताची मागची बाजू लाकडाजवळ नेली, आणि मग लाकडाला लावली. गार होते. वणवा पुन्हा पेटतो तो अशाच बुंध्यांतून, दुपारचा वारा सुटल्यावर.

कंपाउंड हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा असावा. ते त्वचेचा तेलकटपणा काढून टाकते, डोळ्यांत गेले तर बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुवावे लागते, आणि कातळावर सांडले तर पाय हमखास घसरतो.

पांढराकुडा

एक पुरवणी. उपग्रहाच्या माहितीवरून भारतीय वन सर्वेक्षण आगीच्या सूचना पाठवते आणि त्यासाठी कुणालाही नोंदणी करता येते. उपग्रहावरील एका संवेदकाच्या चित्रातली सर्वांत लहान चौकट ३७५ मीटरची, दुसऱ्याची एक किलोमीटरची असते, त्यामुळे गवताची छोटी आग त्यात सुटू शकते. गच्चीवरून आग दिसली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर आणि अग्निशमन दलाच्या १०१ वर आधी कळवावे, मग पंप भरायला घ्यावेत.

खारघर_पायवाट

काल संध्याकाळी आमच्या गटाने पायथ्याच्या मोकळ्या, ओढ्यापासून दूर असलेल्या जागेवर सराव केला, वनरक्षकांना आधी सांगून आणि आग न लावता. वाळक्या पाचोळ्याचे दोन सारखे ढीग केले. एकावर दोन लिटर साधे पाणी, दुसऱ्यावर ०.३ टक्क्याचे दोन लिटर मिश्रण मारले. पहिल्या ढिगाखालची माती चिखल झाली होती आणि मधली पाने कोरडी होती. दुसऱ्यात तळाच्या पानापर्यंत ओल होती आणि खालची माती जेमतेम भिजली होती. सहा पंपांपैकी दोन गळत होते; एकाच्या झाकणाचा वॉशर फाटला आहे, दुसऱ्याच्या दांड्याचा. सगळे पंप फेस येणे थांबेपर्यंत धुऊन उलटे ठेवले आहेत. पाड्यावरच्या ताईंनी बोलावले तर या वेळी डिसेंबरच्या जाळरेषेच्या कामाला आम्ही दहा जण कोयते घेऊन येऊ. वॉशर मंगळवारी आणतो.

पाड्यावरची

या. सकाळी सातला या, ऊन चढायच्या आत अर्धी रेषा होते. न्याहारी आमच्याकडे करा.